वधूच्या खोलीपासून कोठीघरापर्यंत

शहाद्यात मला नावानं ओळखणारे थोडे. 'हॉलवाली जिजी' म्हटलं की मात्र कोणताही रिक्षावाला दारात आणून सोडतो. एका मंगल कार्यालयाची व्यवस्था बघण्यात माझं कामाचं सगळं आयुष्य गेलं आणि शेवटी गुडघ्यांनी राजीनामा दिला म्हणून मी घरी बसले. दिवाळी अंकासाठी आठवणी लिहा, असं संपादक म्हणाले तेव्हा त्यांना रुसलेले काका, हरवलेली मंगळसूत्रं आणि कमी पडलेल्या बट्ट्या हव्या असणार. तो माल माझ्याकडे पोत्यानं आहे. पण मला लिहायचंय ते एका खोट्या लग्नाबद्दल. खऱ्या लग्नांपैकी निम्म्या जोड्यांची तोंडंसुद्धा मला आता आठवत नाहीत. हे खोटं लग्न मात्र आठवलं की अजूनही छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटतं.

आधी माझं काम काय होतं ते सांगते. बाहेरच्या माणसाला वाटतं, कार्यालय सांभाळायचं म्हणजे खुर्च्या मांडायच्या, जनरेटरमध्ये डिझेल आहे का बघायचं आणि संध्याकाळी झाडून घ्यायचं. ते कोणीही करतं. खरं काम म्हणजे लग्नातला कोण माणूस आत्ता कुठे आहे, हे डोक्यात पक्कं असणं. भटजी 'मुलीच्या मामाला बोलवा' म्हणतात, तेव्हा मामा गच्चीवर सिगारेट ओढतायत हे मला ठाऊक हवं. नवरदेवाचे काका रुसून जीपमध्ये जाऊन बसलेत, की वरपक्षाच्या खोलीत तोंड फिरवून आडवे झालेत, यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. आडव्या झालेल्या काकांना आल्याचा चहा पाठवला तरी भागतं. जीपमधल्याला मुलीच्या बापानं स्वतः जाऊन आणावं लागतं, आणि दोन मोठी माणसं सोबत न्यावी लागतात.

कानावरही पुष्कळ यायचं. वधूच्या खोलीत पाणी ठेवायला जावं तर आत काहीतरी अर्धं बोलणं चाललेलं असायचं, मी दिसले की गप्प. आमच्या धंद्यात कानावर आलेलं तिथंच ठेवून बाहेर पडायचं असतं. आपण भांड्याकुंड्यांचे राखणदार, माणसांचे नव्हे. ही शिस्त मी कसोशीनं पाळली आणि तिचा मला अभिमानही होता.

मुहूर्त नसलेल्या महिन्यांत कार्यालय ओस पडलेलं असतं. अशाच एका मोकळ्या हंगामात मेघना आली. नंदुरबारचीच पोर, पुण्याला नाटक शिकून परत आलेली, केस पोरांसारखे कापलेले आणि बोलणं मात्र ठेवणीतलं अहिराणी. तिला कार्यालयात नाटक करायचं होतं. मी म्हटलं, ये की, स्टेज आहे, माईक आहे.

"जिजी, स्टेज नको माले. खुर्च्याबी नको," ती म्हणाली. "माले तुमन्या खोल्या पाहिजेत."

मला वाटलं, पोरगी उन्हातून आली असेल. पण तिनं बसून समजावलं ते असं. या नाटकात प्रेक्षक बसत नाहीत. सगळ्या कार्यालयभर एकाच वेळी एका लग्नाचा दिवस चालू असतो. वधूच्या खोलीत वेणी घालणं चाललंय, स्वयंपाकघरात आचारी वांग्याची भाजी घोटतोय, वरपक्षाच्या खोलीत काका रुसतायत, मुलीचा बाप सगळीकडे धावतोय. आपण दारातून आत यायचं, एक पात्र पकडायचं आणि त्याच्या मागे फिरायचं. ते जिना चढलं की आपण चढायचं, ते खोलीत शिरलं की आपणही शिरायचं. बोलायचं नाही, हात लावायचा नाही, फोन दारात ठेवायचा. एकाचा कंटाळा आला तर खुशाल दुसऱ्याच्या मागे लागायचं. त्यामुळे एकाच नाटकाला गेलेली दोन माणसं बाहेर पडून दोन निराळ्या गोष्टी सांगतात. याला काहीतरी लांबलचक इंग्रजी नाव आहे. मी फिरतं नाटक म्हणायची, पुढे मेघनाही तेच म्हणायला लागली.

मला तिनं त्यात नोकरी दिली. प्रेक्षक पात्रांच्या मागे, आणि मी प्रेक्षकांच्या मागे. नाटकवाले मला 'सावली' म्हणायचे. निळी साडी नेसून भिंतीच्या कडेनं फिरायचं, कोणी बोलायला लागलं की खांद्यावर हलकेच हात ठेवायचा, कोणी चुकीच्या दारात शिरलं की वळवायचं. जन्मभर जे केलं तेच. फक्त आता काका मानधन घेऊन रुसत होते.

नाटकाचा जीव होता बाप आणि मुलगी यांच्यात. बापाचं काम उत्तम नावाचा एकजण करायचा, तो खांडबाऱ्याच्या बाजूला शाळेत शिक्षक होता. नवरी होती सरिता. नवरीला हे लग्न नको असतं आणि ते तिला बापाला सांगायचं असतं. ती सकाळपासून त्याला शोधत खोल्याखोल्यांतून फिरते. ती मंडपात पोचते तेव्हा बाप स्वयंपाकघरात, ती स्वयंपाकघरात येते तेव्हा तो वरपक्षाच्या खोलीत. गाठ पडते ती अगदी शेवटी, कोठीघरात, डाळीच्या पोत्यांमध्ये. बाप विचारतो, "काय सांगी ऱ्हायनी व्हती तू?" बाहेरून त्याला हाका चालूच असतात. ती त्याच्या तोंडाकडे बघते आणि म्हणते, "काही नही बाबा. पानी पाहिजे व्हतं." बाप जातो, मुलगी मंडपात जाते, अक्षता पडतात. जे नवरीच्या मागे फिरले त्यांच्या डोळ्यांत पाणी. जे बापाच्या मागे फिरले ते म्हणतात, लग्न छान झालं.

आमच्या भागातल्या लोकांना हे नाटक आहे हे सांगून पटायचं, पण लग्न म्हटलं की हात स्वस्थ बसायचे नाहीत. पुरुष मंडळी बहुतेक आचाऱ्याच्या मागे. शेवटी सगळ्यांना खरीखुरी वरण-बट्टी मिळायची, तेव्हा बट्टी नीट भाजली जातेय का यावर त्यांचं बारीक लक्ष. सारंगखेड्याकडच्या एका आजोबांनी पिशवीतून टोपी-टॉवेल काढून उत्तमला भर मंडपात टोपी घातली. त्याच्या मागून दुसऱ्यानं नारळ दिला. आठवडाभरात नाटकवाल्यांकडे इतक्या टोप्या जमल्या की मेघनानं दारावर पाटी लावली, 'आहेर स्वीकारला जाणार नाही.' लोक म्हणाले, अशी पाटी सगळेच लावतात.

खरं संकट रुसव्याचं. काका जीपमध्ये जाऊन बसले की नाटकात बापानं त्यांना आणायला जायचं, त्यात बराच वेळ जायचा, आणि तेवढ्यात नवरी कोठीघरात पोचायची. एके दिवशी बापाच्या आधीच तिघे प्रेक्षक जीपशी पोचले. "काकासाहेब, उठा. पोरना बापना तोंडकडे देखा जरासं," असं म्हणून त्यांनी अशी काही समजूत घातली की काकांचं काम करणारा पोरगा विरघळला आणि उठून मंडपात आला. उत्तम जीपपाशी आला तर जीप रिकामी. पुढचं सगळं नाटक घसरलं. ते तिघे मात्र जेवताना खूश होते, एक लग्न मोडता मोडता वाचवलं म्हणून.

सगळ्यांत चांगलं कोण वागलं असेल तर सातपुड्यातलं, काठीकडचं एक कुटुंब. त्यांना मी नियम सांगायला लागले तर त्यांच्यातला म्हातारा हसला. त्यांच्याकडे होळीत नवस फेडायला माणूस अंगाला राख-रंग लावून बावा होतो, बुध्या होतो, आणि त्या व्रताची पाळणी संपेपर्यंत त्याला कोणी त्याच्या घरातला माणूस म्हणून हाक मारत नाही, लुडबूड करत नाही. नुसतं सोबत चालायचं. ते सगळे सरिताच्या मागे तसेच चालले, हातभर अंतर ठेवून. मला त्या दिवशी काही कामच उरलं नाही.

आता मूळ गोष्ट.

ब्राह्मणपुरीचे शांतारामआप्पा आणि त्यांच्या घरचे मला आधीपासून माहीत होते. त्यांच्या मुलीचं, कल्याणीचं, लग्न तुळशीच्या लग्नानंतर आमच्याच कार्यालयात ठरलेलं. तारीख धरायला आप्पा स्वतः आले होते. केळी-पपईचे बागाईतदार, बोलणं थोडं, आणि दिलेल्या शब्दाला गावात वजन असलेला माणूस. कल्याणी इथंच शहाद्यात रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये नोकरी करायची. एका दुपारी तिघं खोल्या बघायला आली होती, आप्पा, त्यांची बायको आणि ती. नाटक सुरू व्हायला थोडाच वेळ होता. मीच आग्रह केला, आलाच आहात तर बघून जा, जेवूनच जा.

दारात मी फोन गोळा करत होते. आप्पांनी दिला, बाईंनी दिला. कल्याणीनं आपला छातीशी धरून ठेवला.

"जिजी, मन्हाजोडे ऱ्हाऊ द्या ना. मी काढाव नही."

मी नकारार्थी मान हलवली. तेव्हा ती बाजूला गेली, कार्यालयाच्या पाटीचा फोटो काढला, मग स्वतःचा काढला, मग मला शेजारी ओढून आमचा दोघींचा काढला. मला वाटलं, हौस आहे. तेवढ्यात फोन वाजला आणि ती हळू आवाजात बोलायला लागली. "हॉलवरच शे... फोटो धाडेल शे ना... आप्पा-आई शेतस संगे... नही, फोटोमा बाईमानूस शे ती..." पलीकडचा आवाज मला ऐकू येत नव्हता, पण पोरीचं तोंड दिसत होतं. तोंडाला रंग उरला नव्हता.

कानावर आलेलं तिथंच ठेवायचं, हे मी वर लिहिलंय. पण पोरगीच फोन माझ्या पिशवीत टाकता टाकता बोलली.

"नवरदेव शे. कुकू व्हयनं तव्हयपासून रोज आसंच शे. कोठे शे, कोनासंगे शे, फोटो धाड. नही धाडा ते गाया देस." कुकू म्हणजे आमच्याकडचा साखरपुडा. मग ती आणखी हळू बोलली, "माले हाई लगीन करनं नही, जिजी. पन आप्पाले कसं सांगू? पत्रिका छापाले गई."

"सांग की सरळ," मी म्हटलं.

"कव्हय सांगू? ते एकला सापडतसच नही. जव्हय जास तव्हय कोनी ना कोनी त्यासनाजोडे बठेल ऱ्हास."

नाटकातल्या नवरीचं दुखणं कुणी माझ्यासमोर खऱ्या तोंडानं बोलेल, असं मला वाटलं नव्हतं. घंटा झाली. कल्याणी आत गेली आणि न सांगता न विचारता सरिताच्या मागे लागली. आप्पांनी एकदा मंडपाकडे बघितलं आणि मुलीच्या बापाच्या, म्हणजे उत्तमच्या, मागे निघाले. बाई बायकांबरोबर स्वयंपाकघराकडे गेल्या.

त्या दिवशी मी कुणाच्याच खांद्यावर हात ठेवला नाही. कोण बोललं, कोण कुठे घुसलं, मला काही दिसत नव्हतं. माझे डोळे त्या दोघांवर. पोरगी सरिताच्या मागे जिना चढत होती, उतरत होती, आणि बाप उत्तमच्या मागे. एकदा जिन्यावर दोघं एकमेकांच्या शेजारून गेले. आप्पांचं लक्षच नव्हतं. ते उत्तमच्या धांदलीत इतके बुडाले होते की भटजींना दक्षिणेचं ताट पोचलं नाही म्हणून स्वतःच चुळबुळत होते. कल्याणीनं वळून बघितलं आणि सरिताच्या मागे पुढे गेली. माझ्या पिशवीत तिचा फोन थांबून थांबून थरथरत होता.

मग काका रुसले आणि जीपकडे गेले. आप्पांसारखा माणूस, गावातले सगळे रुसवे ज्याच्या दारात सुटतात तो, हा रुसवा सोडून कोठीघरात कशाला येईल? आणि झालंही तसंच. उत्तम जीपपाशी काकांची समजूत घालून परत फिरला, कोठीघराकडे निघाला, पण आप्पा तिथंच थांबले. काका अजून पुटपुटत होते ना. आप्पांनी घसा साफ केला, उपरणं सारखं केलं, आणि जीपच्या दाराला हात घातला.

सावलीनं प्रेक्षकाला कुणाच्या मागे जा हे सांगायचं नसतं. मेघनाचा तो पहिला नियम होता आणि माझ्या जुन्या धंद्याचाही साधारण तोच होता. मी आप्पांच्या आणि जीपच्या मध्ये जाऊन उभी राहिले.

"आप्पा, आठे नही," मी म्हटलं. "तुमनं काम तठे शे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. लग्नघरात कार्यालयाची बाई काही सांगते तेव्हा माणसं ऐकतात, ही इतक्या वर्षांची पुण्याई. ते वळले आणि उत्तमच्या मागोमाग कोठीघरात शिरले. मीही शिरले.

आत डाळीची पोती, तेलाचे डबे, आणि त्यांच्यामध्ये समोरासमोर उत्तम आणि सरिता. उत्तमच्या मागे आप्पा. सरिताच्या मागे कल्याणी. बाकीचे पाच-सहा जण भिंतीशी. बाहेरून हाका चालू होत्या.

"काय सांगी ऱ्हायनी व्हती तू?" उत्तमनं विचारलं.

सरितानं त्याच्या तोंडाकडे बघितलं. "काही नही बाबा. पानी पाहिजे व्हतं."

"पानी नही पाहिजे तिले," कल्याणी म्हणाली.

नियमाप्रमाणे मी तिच्या खांद्यावर हात ठेवायला हवा होता. मी हात पाठीमागे धरला आणि घट्ट धरून ठेवला. कल्याणी सरिताच्या बाजूनं पुढे आली. ती उत्तमकडे बघत नव्हती.

"आप्पा, माले हाई लगीन करनं नही," ती म्हणाली, आणि मग सगळं सांगितलं. फोटोंचं, शिव्यांचं, रात्र रात्र वाजणाऱ्या फोनचं. "लगीन व्हयनं का नोकरी बंद आनी फोन त्यानाकडे, आसं म्हनस तो. मन्हा जीव घाबरस, आप्पा."

आप्पांनी उपरण्यानं तोंड पुसलं.

"कव्हयपासून?"

"कुकू व्हयनं तव्हयपासून."

"मंग माले काबरं सांगं नही?"

"तुम्ही थांबनातच नही," ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. "जव्हय उनू तव्हय तुम्ही दुसराना काममा."

बाहेरच्या हाकाही थांबल्या होत्या. काहीतरी बिनसलंय हे मंडपातल्या नटांना कळलं असावं. सरिताच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते नाटकातलं नव्हतं. उत्तम हातात डाळ पाखडायचं सूप घेऊन तसाच उभा.

पुढचं मी आत्ताच सांगून टाकते, वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको. आप्पा दुसऱ्या दिवशी भाऊबंदांतले दोघे घेऊन मुलाच्या घरी गेले आणि नाही म्हणून आले. गावात चार दिवस चर्चा झाली. कुंकू झाल्यावर असं कुणी करतं का, म्हणणारेही निघाले, आणि आप्पांच्या समोर म्हणायची मात्र कुणाची टाप झाली नाही. कल्याणी अजून त्याच लॅबमध्ये आहे. माझी साखर तपासायला तीच रक्त काढते आणि गोड खाल्लंय का म्हणून मलाच दटावते. फिरतं नाटक पुढे लग्नसराई सुरू झाल्यावर बंद करावं लागलं, याची हळहळ मला आहे. तशी हळहळ आणखीही एका गोष्टीची आहे. माझ्या कार्यालयातून किती नवऱ्या पाणी मागून मंडपात गेल्या असतील, ते आता मोजता येणार नाही. पण त्या दिवशी कोठीघरात उभी असताना मला यातलं काहीही ठाऊक नव्हतं. मी फक्त आप्पांच्या तोंडाकडे बघत होते, आणि ते तोंड मला वाचता येत नव्हतं.

आप्पांनी दोन पावलं पुढे येऊन मुलीचा हात आपल्या हातात घेतला, लहान मुलीचा बाजारात धरतात तसा. दाराकडे वळले. वळताना त्यांच्या लक्षात आलं की यजमान समोरच उभा आहे, आणि भरल्या लग्नघरातून न सांगता जाणं त्यांच्यासारख्या माणसाला शोभलं नसतं. त्यांनी उत्तमला दुसऱ्या हातानं नमस्कार केला.

"भाऊ, तुमनं लगीन चालू द्या," ते म्हणाले. "आमनं आम्ही मोडी टाकं."